हजेरीला मोहाचा वास

दिवाळी अंकाच्या संपादकसाहेबांचा फोन आला, "गफूरभाई, कोरोनातल्या सफाई कामगारांवर लिहा. आपले योद्धे म्हणून." मी म्हटलं लिहितो, पण तो शब्द काढा. आमच्या खात्यातला माझा अनुभव असा, की कामगाराला कुणी योद्धा म्हणायला लागलं की समजायचं, याला आता हातमोजे मिळत नाहीत. टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या, नगरपंचायतीसमोर शाल-श्रीफळही झालं. हातमोजे आले ते एवढे मोठे, की आमच्या बाया एका मोज्यात दोन्ही हात घालून हसायच्या.

मी अब्दुल गफूर, सफाई जमादार, आता रिटायर. गाव चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरचं, धानाच्या बांध्यांमधलं. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांना राग यायचा त्यांना नाव न सांगताही येईलच.

जमादार म्हणजे सकाळी हजेरी घेणारा, कोण कुठल्या वॉर्डात झाडणार ते ठरवणारा, नालीच्या काठावर उभा राहून शिव्या देणारा आणि खाणारा माणूस. लोकांना वाटतं हे काम झाडूचं आहे. खरं काम संशयाचं. सही करून कोण शेतावर पळालं, फिनेलचा डबा कुणाच्या घरी गेला, नाली उपसली की नुसती वरून ढवळली. ज्याला संशय घेता येत नाही त्यानं जमादारी करू नये, सरळ गुरुजी व्हावं.

आणि संशयाला माझ्याकडे एक यंत्र होतं. माझं नाक. आमच्या पंचायतीतलं सगळ्यात जुनं यंत्र, कधी दुरुस्तीला गेलं नाही की कधी त्याचं टेंडर निघालं नाही. मी मुसलमान माणूस, जिंदगीत थेंब चाखला नाही. पण हजेरीला माणसांची तोंडं हुंगून हुंगून एवढा तयार झालो, की मोहाची दारू ताजी की रातची, कुठल्या नाल्याकाठच्या भट्टीची, तेही सांगत असे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे दारू फक्त दुकानात मिळत नव्हती.

हुंगणं ही काही हौस नव्हती. प्यालेला माणूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडतो, नालीत उतरला की फुटलेल्या काचेवर पाय देतो. म्हणून आमचा नियम साधा. वास आला की त्या दिवसाची गैरहजेरी, घरी जा, उद्या ये. मग ते वास लपवायचे. कोणी पेरूची पानं चावून यायचा, कोणी कच्चा कांदा, कोणी तोंडात खर्रा कोंबून. खर्रा म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखूचा घोटलेला माल, तो तोंडात असला की माणूस बोलतच नाही, नुसता हुं हुं करतो. पण हुं हुं करायलाही नाकातून हवा सोडावी लागते ना!

कोरोना आला, मास्क आले, आणि माझं यंत्र बंद पडलं. कोणाच्या तोंडाजवळ जायची सोय नाही. मग मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहून हजेरी घ्यायला लागलो. जुन्या कोंडवाड्याच्या मैदानात आमची हजेरी व्हायची. मी नाव पुकारायचो, माणूस पुढं यायचा, बाकीचं वारा सांगायचा.

गाव तेव्हा आमच्याकडे संशयानं बघत होतं. कचरा यांच्या घरचा, पण बिमारी आणणार आम्ही. एक रिटायर गुरुजी कचऱ्याची पिशवी लांब बांबूला लटकवून माडीवरून खाली सोडायचे आणि वरून ओरडायचे, "बांबूला हात लावू नका!" मी एकदा विचारलं, "गुरुजी, बांबू आमाले चावते का आमी बांबूले?" त्यांनी खिडकी लावून घेतली. पहिल्या लाटेत, दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याची बातमी आल्यावर, तर माझं नाव ऐकूनच लोक दोन पावलं मागं सरायचे. भाजीवाली बाई, जिच्या ओट्यासमोरची नाली मी वर्षानुवर्षं साफ करवली, ती मला म्हणते, "गफूरभाऊ, तुमी त नाई ना गेलते दिल्लीले?" मी म्हटलं, "बाई, मी नागभीडच्या पुढं रेल्वेत बसलो नाई, दिल्ली कुठी?" हसलो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

खरी गोष्ट दुसऱ्या लाटेची. कामगार माझ्या हाताखाली, पण पंचायतीचे नव्हेत, ठेकेदाराचे. पंधराएक माणसांची टोळी, निम्म्याहून जास्त बाया. ठेकेदारानं आपल्या सुपरवायझरकरवी फतवा काढला. टोळीत एक जरी पॉझिटिव्ह निघाला, तर अख्खी टोळी घरी, आणि बाहेरगावची माणसं कायमची कामावर. हा फतवा अर्थातच तोंडी. असली फर्मानं कधी कागदावर येत नाहीत.

मी सुपरवायझरला म्हटलं होतं, "उलटं कर. टोळीच्या दोन टोळ्या पाड, एकमेकांना भेटू देऊ नको. ज्याला ताप आला त्याला हजेरीसकट घरी बसव. मग तो आपण होऊन सांगेल." तो पोरगा हसला. "चाचा, असं केलं त सगळेच तापतीन."

झालं भलतंच. कुणीच तापेना! गावभर घरोघरी बिमारी, औषधाच्या दुकानासमोर रांगा, आणि रोज त्याच घरांच्या, कोरोनाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या उचलणारे आमचे पंधरा लोक ठणठणीत. ना खोकला, ना शिंक. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला घाम फुटला. कपाळाला लावायची ती ताप मोजायची बंदूक सुपरवायझरकडे होती, तिच्यात रोज सगळ्यांचा एकच आकडा यायचा. एकदा तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी ती ट्रॅक्टरच्या चाकाला लावून पाहिली. चाकालाही तोच आकडा. म्हणजे मशीनही टोळीला सामील.

टोळीत देवाजी म्हणून एक होता. माझं जुनं गिऱ्हाईक, कारण त्याच्याइतक्या वेळा मी कुणालाच घरी पाठवलेलं नाही. त्या दिवसांत एकदा तो चांगली पहिल्या धारेची लावून आला. मी म्हटलं, "जा घरी." तर जाता जाता मोठ्यानं बोलला, "पहा बाप्पा, कायदा कसा हाय! दारूले एका मानसाची एका दिवसाची सुट्टी, आन तापाले सगळ्याची कायमची." सगळे हसले. मीही हसलो. तिथं एक बाई हसली नव्हती, ते मला नंतर आठवलं.

ती यशोदाबाई. टोळीतली सगळ्यात चोख बाई. तिनं झाडलेल्या रस्त्यावर मी कधी फेरी मारायला गेलो नाही, एवढा माझा भरवसा, आणि माझा भरवसा म्हणजे काय चीज आहे ते आतापर्यंत तुम्हाला कळलं असेल. तिचा नवरा दारूनं गेला. त्यानंतर दारूबंदीच्या मोर्चात ती पुढं असायची. भट्ट्यांवर चालून जायची, आंबवलेल्या मोहाच्या सडव्याची मडकी लाथेनं फोडायची. देवाजी तिला पाहून रस्ता बदलायचा. "जमादाराच्या नाकातून सुटन, पन त्या बाईच्या डोयातून नाई सुटत," म्हणायचा.

एप्रिल सरत आला होता. त्या सकाळी मी हजेरी पुकारायला उभा राहिलो आणि पहिलं नाव घ्यायच्या आधीच भपकन वास आला. मोहाची, कडक. मी देवाजीकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले, "मी नाई जी!" वास ट्रॉलीकडून येत होता. तिथं सगळ्यांपासून लांब, एकटी, चाकाला पाठ लावून यशोदाबाई उभी होती.

मी नाव पुकारलं. ती पुढं आली नाही. तिथूनच बोलली, "हाव, पेली मी. लावा गैरहजेरी." आवाज सरळ होता, पाय मात्र लटपटत होते. सुपरवायझरला तर दिवाळीच झाली. मोबाईल काढून व्हिडिओ घेतला, "दारूबंदीवाली बाई टल्ली!" असं स्वतःच्या आवाजात जोडलं आणि गावच्या ग्रुपवर टाकून मोकळा. ती आपला झाडू ट्रॉलीत ठेवून चालती झाली. जाताना कुणाच्या जवळून गेली नाही, भिंतीकडेनं गेली.

दिवसभर डोकं कामाला लागलं. आधी वाटलं, माणसाचा काही नेम नाही, एकटी बाई आहे, घेतली असेल. पण नाक मानेना. दारू पिणारा वास लपवतो. देवाजीसारखा अट्टल माणूसही पेरूची दोन पानं चावूनच येतो. हिनं लपवलं तर नाहीच, उलट तिचा वास ट्रॉलीपासून फाटकापर्यंत. आणि तो तोंडाचा नव्हता. तोंडाचा वास श्वासागणिक येतो, जातो. हा कपड्याचा, एकसारखा, जसा सांडलेल्या मडक्याचा येतो. अंगावर शिंपडायची म्हटली तरी चार थेंबांत काम होतं. हिनं अर्धी शिशी ओतली होती. जिला त्या वासाची जन्माची शिसारी, तिला तो सहन कसा झाला?

मग टाळकं ठिकाणावर आलं. सहन करायला वास यावा तर लागतो ना!

दुपारी तिच्या घरी गेलो. बाहेरच, काट्यांच्या कुंपणापाशी थांबलो. ती दारात बाजेवर पडून होती, लुगडं तेच.

"यशोदाबाई, किती पेली?"

"पेली ना. सांगतलं ना सकाळी."

"मले एवढंच सांगा, तुमच्या लुगड्याचा वास तुमाले येऊन राह्यला का?"

तिनं पदर नाकाला लावून पाहिला, काढला, आणि हळूच विचारलं, "जास्त झाला का जी?"

माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "कधीपासून?" तर ताप आधीपासूनच होता, वास आणि चव काल गेली. घरी बसली असती तर सुपरवायझर विचारायला आला असता. कामावर आली तर बाकीच्यांना लागण. मग तिनं देवाजीचा कायदा वापरला. शिशीही देवाजीकडूनच मागवली होती, पाय चोळायला पाहिजे म्हणून.

"चला दवाखान्यात," मी म्हटलं.

"नाई येत. मी पॉझिटिव्ह निघाली त सगळ्याच्या चुली बंद होतीन. दारू पेली म्हटलं त मी एकटीच बदनाम. उद्याही गैरहजेरी लावा, परवाही लावा. मरन नाई मी."

शेजारीच राहणाऱ्या आशा वर्कर ताईला हाक मारली. तिनं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आकडा खाली जाऊन राह्यला. आज निभंन, पन उद्या सकाळी हलवाच लागते." यशोदाबाईनं तिकडून ऐकलं. "टोळीचं काम राह्यते असं लिहून आना, मंग हलवा," म्हणाली आणि तोंड फिरवून झोपली.

परत येताना मला सगळ्यांचा राग येत होता. ठेकेदाराचा, सुपरवायझरचा, तिचाही. आणि रागात माझा संशय चांगला चालतो. बाहेरची माणसं, बाहेरची माणसं, असं हा पोरगा महिनाभर म्हणून राह्यला. कुठली माणसं? गावागावांनी आपल्या वेशीवर काट्या टाकून रस्ते बंद केले होते. एसटी बंद. आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर. माझा पुतण्या एटापल्लीकडे तेंदूच्या कामावर होता, त्याला फोन लावला. म्हटलं, कोणी आठ-दहा माणसं सफाईला मिळतील का? तो म्हणाला, "चाचा, पत्ता सोडून तुमचा कोरोनाचा कचरा उचलाले कोन येईन? डबल देल्ली तरी नाई येत." आणखी दोन-तीन ठिकाणी विचारलं. तेच. म्हणजे ज्या माणसांच्या भीतीनं आमचे लोक ताप गिळून राह्यले होते, ती माणसं मुळात नव्हतीच.

संध्याकाळी कोंडवाड्याच्या चिंचेखाली टोळीला बोलावलं, लांब लांब उभं केलं आणि सगळं सांगितलं. बाया रडल्या. देवाजी खाली बसला. "मले वाटलं पाय दुखते तिचे," एवढंच तो दोनदा बोलला. मी म्हटलं, "रडणं नंतर. उद्या सगळ्यांनी यशोदाबाईसारखं यायचं. प्यायची नाही, कपड्याला लावायची. दारूची गैरहजेरी एका दिवसाची, काम कुणाचं जात नाही; बघू सुपरवायझरची बाहेरची टोळी येते का. देवाजी, शिशी आण."

देवाजीनं वर पाहिलं. "जमादार भाऊ, इतक्या वर्षात पैल्यांदा तुमी मले दारू आनाले सांगून राह्यले. आन तेही वाया घालवाले!"

पंधरातला एक तरी रात्रीतून फुटणार आणि सुपरवायझरला सांगणार, असा मला पक्का संशय होता. कोणावर कोणावर, तेही मी मनात ठरवून ठेवलं होतं. सकाळी माझ्या बायकोनं माझ्या कुर्त्याचा वास घेतला आणि दारातच तोबा तोबा करत बसली. तिला म्हटलं, "पोटात नाही, कापडाला आहे." ती म्हणाली, "कापड भी घर में नहीं आयेगा."

एकही माणूस फुटला नव्हता. कोंडवाड्याचं मैदान भट्टीसारखं घमघमत होतं. सुपरवायझर आला, थबकला. एकेकाला विचारलं, "पेली का?" "हाव, पेली." म्हाताऱ्या अनसूयाबाईनंही सांगितलं, "पेली बाप्पा, दोन गिलास." तिला आयुष्यात दारूचा ग्लास माहीत नाही. तो ओरडला, "सगळ्याची गैरहजेरी! बाहेरची टोळी बोलावतो."

"बोलाव," मी म्हटलं.

त्यानं फोन लावला. मग दुसरा लावला. मग लांब जाऊन तिसरा लावला. ऊन चढलं. गावात घंटागाडी गेली नाही, पिवळ्या पिशव्या दारोदार पडून राहिल्या, कुत्री त्यांच्याभोवती जमली. बांबूवाल्या गुरुजींनी म्हणे स्वतः मुख्याधिकारी मॅडमना फोन केला, की कामगार लोक आले नाहीत, आमचं काय होणार.

मॅडमची गाडी आली. खाली उतरल्या आणि रुमाल नाकाला. "जमादार, तुम्हीसुद्धा?"

मी म्हटलं, "मॅडम, कुर्त्याला माझ्याही आहे. पोटात कुणाच्याच नाही." आणि सांगून टाकलं. ताप, फतवा, चाकाला आलेला तो आकडा, यशोदाबाई. आवाज चढला होता माझा, बाई आहेत, साहेब आहेत, हेही भान राहिलं नाही. "ताप सांगितला की पोट जातं म्हटल्यावर माणूस ताप सांगेल का? बिमारी तुमच्या कामगारानं नाही लपवली, तुमच्या ठेकेदारानं लपवायला लावली!"

मॅडम सुपरवायझरकडे वळल्या. "तुमची बाहेरची माणसं कुठं आहेत?" त्यानं चौथा फोन लावला.

मॅडम माणूस म्हणून बऱ्या होत्या, पण मी त्यांच्याही तोंडी शब्दावर भरवसा ठेवला नाही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून घेतलं. दोन टोळ्या, आजारी माणसाची हजेरी चालू, कुणालाही काढायचं नाही. तो कागद घेऊन मीच यशोदाबाईच्या कुंपणाशी गेलो, वाचून दाखवला. तिनं सही खालीच आहे ना, ते दोनदा विचारलं आणि मग ॲम्ब्युलन्समध्ये बसली. गडचिरोलीला नेली. टोळीची तपासणी झाली, आणखी दोघं निघाले. त्यातला एक देवाजी. म्हणाला, "दारूनं जंतू मरते म्हनते ते झूट हाय जी."

यशोदाबाई ऑक्सिजनवर होती. रोज सकाळी हजेरीला मी तिचं नाव पुकारायचो आणि टोळीतलं कोणी ना कोणी "हाजर" म्हणायचं. पावसात धानाच्या रोवणीचे दिवस आले तेव्हा ती परत आली, अर्धी होऊन. काम होतं. कुणाचंच गेलं नव्हतं. जमादारीत मी अभिमानानं सांगावं असं एवढंच.

आता जे सलतं ते सांगतो. तो व्हिडिओ ग्रुपवरून गेला नाही. लोकांनी खोडला नाही, आणि मी खरं सांगायला गेलो तर लोक म्हणत, "जमादार भाऊ, तुमची टोळी, तुमी सांभाळूनच घ्याल. आन दुसऱ्या दिवशी त सगळीच टोळी पेऊन आलती म्हनते!" आम्ही तिच्यासाठी जे केलं, त्यानंच तिची बदनामी पक्की झाली. बचतगटाच्या बायांनी तिला बैठकीला बोलावणं बंद केलं. ती कुणाला काही बोलली नाही. मी चिडलो तर मलाच म्हणायची, "राहू द्या जी, कामावर हावो ना सगळे."

हे लिहायच्या आधी तिच्याकडे गेलो. अंगणात बसली होती. म्हटलं, "वास येते का आता?" म्हणाली, "येते. फुलाचा, भाजीचा, सगळे वास सावकाश आले. पैला कोन्ता आला, सांगा बरं? मेला दारूचाच आला." हसली. मग मी विचारलं, की दिवाळी अंकात लिहून राह्यलो, तुमचं नाव बदलवून टाकू का?

"काऊन? खराब माझं नाव झालं ना? मंग साफ दुसऱ्या बाईचं कराल का?"

तर नाव यशोदाबाईच. गावच्या लोकांनो, प्यालेला माणूस ओळखण्यात माझं नाक कधी चुकलं नाही, हे माझे दुश्मनही सांगतील. त्या सकाळी मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा होतो. वास लुगड्याचा होता.